जुना डेस्कटॉप अजून किती वर्षं चालवायचा? विंडोज १० चा पाठिंबा संपल्यानंतरचे प्रश्न

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

कराडला वडिलांचं छोटं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं अशी कामं असतात. दुकानात दोन डेस्कटॉप आहेत. एक आय५ ७४०० चा, ८ जीबी रॅम, एच११० चा बोर्ड, नंतर बसवलेली एसएसडी. २०१८ च्या दिवाळीत घेतला. त्यावर हिशेबाची टॅली, बँक, ईमेल आणि चित्रांकनाचं कोरल चालतं. दुसरा त्याहून बराच जुना, कोअर टू ड्युओ. त्यावर विंडोज ७, पान जुळवायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टांची श्रीलिपी, मागे तिच्या परवान्याचा डोंगल लावलेला.

विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पहिल्या यंत्रावर विंडोज ११ चढेल का ते सांगणारं पीसी हेल्थ चेक चालवून बघितलं. सिक्युअर बूट (चालू होताना घुसखोर प्रोग्रॅम अडवणारी सोय), हिरवी खूण. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप), हिरवी खूण. रॅम, डिस्क, सगळं हिरवं. फक्त प्रोसेसरसमोर लाल फुली. दुकानदार म्हणतो, काढून टाका आणि नवीन घ्या. पण हा संगणक अजिबात कुरकुरत नाही. कोरलमध्ये चाररंगी फाइल उघडली तरी बाबांना थांबावं लागत नाही. एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) आणि ती एसएसडी सोडली तर आजवर काही बदललेलं नाही.

माझे प्रश्न: डेस्कटॉपला नक्की किती वर्षं पाठिंबा मिळतो असं धरून चालायचं? संपल्यावर वापरला तर खरोखर काय बिघडतं? आणि या दोन यंत्रांचं काय करू? पैसे घालायची तयारी आहे, पण चालती वस्तू भंगारात द्यायला मन होत नाही.

---

तापकीर_गल्ली

ताई, रोज काउंटरवर हाच प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक बिलाची तारीख दाखवतात. कंपनी ती बघत नाही. विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला आणि तेव्हापासून साधारण दहा वर्षं पाठिंबा मिळाला. ज्यानं २०१५ ला घेतलं त्याला दहा मिळाली, तुम्हाला सात मिळाली. विंडोज ७ चंही तसंच, २२ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२०. एक्सपीला सगळ्यात जास्त मिळाली, ऑक्टोबर २००१ ते ८ एप्रिल २०१४. त्यामुळे डेस्कटॉप घेताना त्यावरच्या विंडोजचं वय किती झालंय ते आधी विचारायचं. दुकानात उरलेला जुना माल स्वस्तात मिळतो तेव्हा तर नक्कीच.

पूर्वी याचं एवढं जाणवलं नाही, कारण ७ संपलं तेव्हा त्याच यंत्रावर १० चढत होतं. कोअर टू ड्युओवरसुद्धा आम्ही चढवलंय. विंडोज ११ नं दारातच अडवलं. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीत ढोबळमानानं रायझन २००० मालिका किंवा पुढची, टीपीएम २.०, सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय, म्हणजे यंत्र चालू करणारं बोर्डावरचं नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर (जुनं ते बायोस). तुमचा ७४०० सातव्या पिढीचा, बाहेर पडला जानेवारी २०१७ ला. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. एवढ्या फरकानं तुमचं यंत्र यादीबाहेर राहिलं. मायक्रोसॉफ्टनं कारण दिलं होतं की निकषात न बसणाऱ्या यंत्रांवर कर्नल क्रॅश (विंडोजचा गाभाच कोसळणं) ५२ टक्के जास्त आढळले. असेलही. पण सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू त्यांच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता, त्याला यादीत जागा मिळाली. माझ्या मते नीट ड्रायव्हर असलेल्या सातव्या पिढीच्या यंत्रांना आत घेता आलं असतं, आणि घ्यायला हवं होतं.

संपल्यावर काय बिघडतं? लगेच काहीच नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जे सुरक्षा अपडेट येतात ते थांबतात. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक तुमच्या यंत्रात उघडंच राहतं. शिवाय विंडोज ११ ला येणारे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, उलगडून बघणारे लोक असतात, तीच चूक १० मध्येही आहे का हे त्यांना त्यातूनच कळतं. म्हणजे दिवस जातील तसा धोका वाढतो.

पण विंडोजची तारीख ही एकच तारीख नाही. ब्राउझरची वेगळी असते. विंडोज ७ संपलं २०२० ला, क्रोमनं मात्र जानेवारी २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीपर्यंत साथ दिली. विंडोज १० वर एज ब्राउझर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं जाहीर झालंय, डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्याही तोपर्यंत येतील. ऑफिस २०१६ आणि २०१९ मात्र विंडोज १० बरोबर त्याच दिवशी संपले, हे पुष्कळांच्या लक्षात आलेलं नाही. ते ऑफिस विंडोज ११ वर टाकलं तरी संपलेलंच. मग प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरची तारीख, बोर्डाच्या बायोसची तारीख. तुमच्या कामाला यातलं जे लागतं त्यातलं सगळ्यात आधी संपणारं बघा, आणि तेवढंच आयुष्य धरा.

---

निळू_फुलपाखरू

मधेच विचारते, क्षमस्व. माझा आय५ ८४०० आहे, म्हणजे आठवी पिढी. तरी “टीपीएम सापडला नाही” म्हणतो. चिप वेगळी विकत आणायची का?

---

तापकीर_गल्ली

आणू नका. तुमच्या प्रोसेसरबरोबर टीपीएम आहेच, बायोसमध्ये बंद असेल. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, ॲडव्हान्स्डखाली इंटेल पीटीटी असं काहीतरी दिसेल, ते एनेबल करा. एएमडीच्या बोर्डवर त्याला एफटीपीएम म्हणतात. आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मगच बायोसला हात लावा. नाहीतर पुढच्या वेळी संगणक तीच की मागत बसेल.

आणि एमएसइन्फो३२ उघडून बायोस मोड बघा. तिथं लेगसी असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, डेटा न पुसता बदल होतो. तरीही बॅकअप घेतल्याशिवाय करू नका.

---

निळू_फुलपाखरू

पीटीटी सापडलं, बंदच होतं! आता सगळ्या खुणा हिरव्या. खूप आभार.

---

राईनकाठ

इथे जर्मनीत हा विषय फार गाजला. ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, आणि शेवटी युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती ग्राहकांना एक वर्षाचे वाढीव सुरक्षा अपडेट विनाअट फुकट मिळाले. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन मात्र करावं लागतं. इतर देशांत, म्हणजे भारतातही, तीन मार्ग आहेत: विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग खात्याशी जोडायची, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, किंवा ३० डॉलर भरायचे. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. यंत्रावर २२एच२ आवृत्ती हवी. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची ओळ दिसते.

जाता जाता ॲपलवाल्यांसाठी. माझ्याकडे २०१७ चा आयमॅक आहे. त्याला शेवटची प्रणाली मिळाली व्हेंचुरा. ॲपल तारीख आधी सांगतच नाही. चालू आणि त्यामागच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट येतात, असा इतक्या वर्षांचा शिरस्ता बघून आपणच अंदाज बांधायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये टाहो ही नवी आवृत्ती आली आणि व्हेंचुरा त्यातून गळलं. म्हणजे यालाही आठ वर्षंच. २०१९ च्या आयमॅकला सिक्वोया शेवटचं, २०२० च्या २७ इंचीला टाहो शेवटचं. इंटेलच्या कुठल्याच मॅकला टाहोच्या पुढे जाता येणार नाही, हे ॲपलनं जून २०२५ मध्येच सांगितलं. भारतात सध्या जुने इंटेल आयमॅक मोठा स्क्रीन दाखवून स्वस्तात विकले जातायत, घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

---

कृष्णाकाठची

राईनकाठ, छान माहिती. म्हणजे दुकानाच्या यंत्राला खात्याशी जोडून एक वर्ष फुकट मिळेल?

---

हिशेबनीस

ताई, इथे थांबा. ती योजना घरगुती वापरासाठी आहे. दुकानाच्या, कंपनीच्या यंत्रांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षी आत शिरलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. तिन्ही वर्षं मिळून ४२७ डॉलर, म्हणजे पस्तीस हजारांच्या वर. त्याहून बऱ्याच कमी पैशांत कंपन्यांतून परत आलेला आठव्या-नवव्या पिढीचा डेस्कटॉप मिळतो. दुसरं-तिसरं वर्ष विकत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

मी करसल्लागार आहे, म्हणून माझी काळजी वेगळी. तुमच्या त्या यंत्रावर टॅली आणि बँक एकाच ठिकाणी आहेत. वडिलांची डिजिटल सही, म्हणजे डीएससीचं यूएसबी टोकन, त्यालाच लावता का? आमच्याकडे येणारे अनेक व्यापारी टोकन दिवसभर लावूनच ठेवतात आणि त्याचा पिन मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. पाठिंबा नसलेल्या यंत्रात कोणी शिरलं तर ती व्यक्ती तुमच्या नावानं सही करू शकते, आणि कायद्यानं ती सही तुमचीच. फाइलींचा बॅकअप असतो, सहीचा परिणाम मागे घेता येत नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: पैसा आणि सही ज्या यंत्रावर आहे ते यंत्र पाठिंब्यातलंच हवं. बाकीचं जुनं चालेल.

---

अक्षरजुळणी

पेजमेकर आणि श्रीलिपीवाल्या यंत्राबद्दल मी सांगतो, माझं आयुष्य त्यातच गेलं.

त्या यंत्राला हात लावू नका. पेजमेकर ७.० आलं २००१ ला आणि त्यानंतर नवी आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे त्याचा पाठिंबा संपून जमाना झाला, तरी कितीतरी छापखाने त्यावर उभे आहेत, कारण वीस-वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोड नाही. नव्या यंत्रात नुसती फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरनं बदलला तर रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात. लग्नपत्रिकेत “सौ. कां.” च्या पुढचं नाव चुकलं तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही, सगळा गठ्ठा परत छापावा लागतो.

तेव्हा करायचं काय: मागची नेटवर्कची वायर काढा. वायफायचा डोंगल असेल तर तोही काढा. फक्त श्रीलिपीचा डोंगल राहू दे. काम झालं की पीडीएफ किंवा ईपीएस काढून पेनड्राइव्हनं दुसरीकडे न्या. त्या कामाला पेनड्राइव्ह एकच ठेवा, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्या यंत्राला लावूच नका, आधी दुसऱ्यावर तपासून घ्या.

आणि डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा. आज यंत्र चालतंय तेव्हाच. हार्डडिस्क गेल्यावर ते सगळं पुन्हा बसवायला सीडी कुठून आणणार?

---

तापकीर_गल्ली

अक्षरजुळणी काकांना पूर्ण अनुमोदन, आणि वायर का काढायची त्याचं कारण सांगतो. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आठवा. त्यासाठी कोणी लिंकवर टिचकी मारायची गरज नव्हती. फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी प्रोटोकॉलमधलं भोक वापरून तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपोआप जात होता. पाठिंब्यातल्या विंडोजसाठी पॅच मार्चमध्येच आला होता. एक्सपी तीन वर्षांपूर्वी संपलेलं, तरी परिस्थिती बघून मायक्रोसॉफ्टनं त्यालाही पॅच दिला. पण दर वेळी असं देतील यावर विसंबू नका. एका राउटरवर एक जुनं यंत्र असलं की बाकीची सगळी त्याच्या शेजारी असतात. “मी त्यावर इंटरनेट बघतच नाही” हे पुरत नाही, वायरच नको.

आता आय५ ७४०० चं. पुष्कळ जण विचारतात, नुसता प्रोसेसर बदलून आठव्या पिढीचा टाकू का, सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) तर एलजीए ११५१ च आहे. नाही चालत. खाचा जुळतात, पण एच११० आणि बी२५० चे बोर्ड आठवी पिढी ओळखत नाहीत, त्यासाठी ३०० मालिकेचा बोर्ड लागतो, एच३१० वगैरे. ऑनलाइन प्रोसेसर मागवून फसलेले लोक माझ्याकडे येतात, वाईट वाटतं. तुम्हाला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतील. रॅम डीडीआर४ असेल तर तीच चालेल (काही एच११० बोर्ड डीडीआर३ चे होते, उघडून बघा). कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी, मॉनिटर सगळं तेच. नव्या संगणकाच्या मानानं खर्च बराच कमी येतो आणि भंगारात जातो तो एक बोर्ड.

रायझनवाले जास्त नशीबवान. पहिल्या पिढीचा १६०० यादीत नाही, पण एएम४ सॉकेटच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून २६०० किंवा ३६०० बसतो. आधी बायोस, मग प्रोसेसर, हा क्रम चुकवू नका.

लायसन्सचं बघून घ्या. ओईएम (संगणकाबरोबरच आलेलं) विंडोज बोर्डाला बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की ते संपलं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर हलवता येतं.

---

गडवाट

एवढं कशाला? रूफस हे साधन वापरून विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवा, त्यात टीपीएम-प्रोसेसरची अट काढायची सोय आहे. माझ्या सहाव्या पिढीवर विंडोज ११ झकास चाललंय.

नाहीतर विंडोज १० ची आयओटी एलटीएससी २०२१ ही आवृत्ती टाका, तिला २०३२ पर्यंत पाठिंबा आहे.

---

तापकीर_गल्ली

गडवाट, चालतं हे खरं, मासिक अपडेटही सध्या येतात. पण अशा यंत्राला अपडेटचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टनं लिहूनच ठेवलंय. शिवाय वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हातानं चढवावी लागते. २४एच२ आलं तेव्हा पॉपसीएनटी नावाची अंगभूत आज्ञा नसलेले प्रोसेसर कायमचे बाद झाले, कोअर टू ड्युओवर वळसा घालून ११ चालवणारे तिथेच थांबले. सातव्या पिढीला त्याची झळ लागली नाही, पण पुढची अट काय येईल ते आपल्या हातात नाही. घरच्या दुसऱ्या संगणकावर खुशाल करा. ज्यावर हिशेब आहेत त्यावर मी गिऱ्हाइकाला करून देत नाही.

एलटीएससीची तारीख बरोबर आहे, जानेवारी २०३२. पण ते एटीएम, यंत्रसामग्री अशा खास उपकरणांसाठी उत्पादकांना दिलं जातं. काही शे रुपयांत जी की विकली जाते ते लायसन्स नव्हे. धंद्याच्या जागी असलं काही ठेवू नका.

---

देवराई

विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीचं कोणीच नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. मिंट, उबुंटू, डेबियन हे तिचेच प्रकार.

लिनक्स मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. आय५ ७४०० आणि ८ जीबीवर ते पळतं. त्यानंतरची आवृत्तीही त्याच यंत्रावर चढेल, कारण तिथे प्रोसेसरची पिढी विचारत नाहीत. उबुंटूची एलटीएस (दीर्घ पाठिंब्याची) आवृत्ती पाच वर्षांची, आणि घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत उबुंटू प्रो फुकट घेतलं तर दहा वर्षं. मराठी टंकलेखनाला इनस्क्रिप्ट लगेच मिळतं, आयबसमधून फोनेटिकही लावता येतं.

पण इथे टॅली आहे, कोरल आहे. ते मुळात विंडोजसाठीच बनलेले आहेत. वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) ओढूनताणून चालवण्याचा सल्ला मी कोणाच्या धंद्याला देणार नाही. लिनक्स कोणासाठी? ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, लेखन, यूट्यूब एवढंच आहे त्यांच्यासाठी. आणि अशी घरं खूप आहेत. माझ्या आईच्या डेस्कटॉपवर मिंट आहे. तिला डावीकडचं मेनूचं बटण आणि क्रोम दिसलं, एवढं पुरलं.

३२ बिटवाल्यांना मात्र सांभाळून. डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फार जुन्या पेंटियम ४ चा आता तिथेही मार्ग अरुंद झालाय.

---

फळा_आणि_खडू

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या खोलीत देणगीतून आलेले डेस्कटॉप आहेत, काही ४ जीबीचे, काही २ जीबीचे, सगळे विंडोज ७ वर. एसएसडी नाही. याचं काही होईल का? केरळात शाळांमध्ये लिनक्सवरच शिकवतात असं ऐकलंय.

---

देवराई

सर, ऐकलंय ते खरं आहे. केरळातल्या सरकारी शाळांत अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवतात, तिथली काइट ही संस्था त्यासाठी स्वतःची प्रणाली बनवते. ४ जीबीवाल्यांवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. २ जीबीचे दोन मिळून एक करा, रॅम एकत्र करून. आणि जमेल तेव्हा एसएसडी, सगळ्यात लहान चालेल. जुन्या यंत्राला एसएसडीनं जेवढा वेग येतो तेवढा दुसऱ्या कशानं येत नाही. जीकॉम्प्री, टक्सपेंट आणि स्क्रॅच हे मुलांचे प्रोग्रॅम टाका, मुलांना मजा येते. तालुका सांगा, जवळ असलात तर एखाद्या शनिवारी येऊन बसवून देतो.

---

फळा_आणि_खडू

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मनापासून आभार.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं.

पेजमेकरच्या यंत्राची वायर आजच काढली. डिस्कची प्रतिमा काढायला बाहेरची हार्डडिस्क लावलीय. सहीचं टोकन आता कपाटात, काम असेल तेव्हाच बाहेर येईल. हिशेबनीस, पिन खरंच मॉनिटरच्या कडेला होता. तो कागद फाडला.

७४०० चं उघडून बघितलं, रॅम डीडीआर४ आहे. बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचं ठरवतोय. बिलावर विंडोज ओईएम लिहिलंय, तेव्हा नवं लायसन्स धरून चाललोय. काढलेला बोर्ड आणि ७४०० पुतण्याला देणार, तो त्यावर मिंट टाकून शिकणार आहे.

एकच शंका. हे पैसे जमेपर्यंत दोन-तीन महिने जातील. तोपर्यंत टॅली आणि बँकेचं काय? आणि जूनमध्ये सिक्युअर बूटची प्रमाणपत्रं संपणार असं कुठंसं वाचलं, तेव्हा हे यंत्र सुरूच होणार नाही का?

---

तापकीर_गल्ली

सुरू होईल. २०११ ची ती प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतील. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात. अपडेट बंद असलेल्या यंत्राला ती मिळणार नाहीत आणि बूटशी संबंधित पुढच्या दुरुस्त्या चुकतील, पण यंत्र बंद पडणार नाही.

दोन-तीन महिन्यांसाठी: बँकेचं काम अपडेट होणाऱ्या फोनवर किंवा घरच्या लॅपटॉपवर करा. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा, लावून ठेवू नका. क्रोम आणि डिफेंडर अपडेट होतायत ना ते बघत राहा.

बोर्ड घेताना ३०० मालिकेचाच आहे याची खात्री करा, बायोसची आवृत्ती दुकानातच चालू करून दाखवायला सांगा, आणि बिलावर बोर्डाचा नंबर लिहून घ्या.

---

कृष्णाकाठची

लिहून घेतलं. बँक आजपासून लॅपटॉपवर. बोर्ड बसला की इथेच कळवते.